देवगिरीचे ताल आणि ऑलिव्हिए मेसियाँ

श्रोतेहो, नमस्कार.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघणदेवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला आणि त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची लक्षणे नोंदवली. त्यांपैकी बहुतेक ताल आज आपल्या मैफलीत ऐकू येत नाहीत. मात्र सुमारे सात शतकांनी ही यादी एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली, ऑलिव्हिए मेसियाँ या तरुण संगीतकाराच्या हाती पडली आणि त्यांनी ती जन्मभर जवळ बाळगली. त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे.

मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों येथे झाला. आई सेसील सोव्हाज कवयित्री होती आणि हे मूल पोटात असतानाच तिने त्याच्यावर कवितांची एक मालिका लिहिली. वडील इंग्रजीचे अध्यापक आणि शेक्सपिअरचे अनुवादक होते. अकराव्या वर्षी मेसियाँ पॅरिसच्या काँझर्व्हातुआर या संगीतविद्यालयात दाखल झाले. १९३१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसमधील त्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ती सेवा सोडली नाही.

शार्ङ्गदेवाच्या यादीत त्यांना काय सापडले, हे मराठी श्रोत्याला समजावणे तुलनेने सोपे आहे, कारण लघु आणि गुरू आपण शाळेतच वृत्तांच्या निमित्ताने शिकलेलो असतो. देशी ताल द्रुत, लघु, गुरू आणि प्लुत अशा लहानमोठ्या कालखंडांच्या जुळणीतून सिद्ध होतात. त्यातला ‘ढेंकी’ ताल गुरू-लघु-गुरू असा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो रगण झाला. तो उलटीकडून मोजला तरी तसाच राहतो, जसे ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच राहते. ज्या लयीला मागेपुढे नाही, तिच्यावर काळाच्या पुढे धावण्याचा परिणाम होत नाही, असे या श्रद्धाळू कॅथलिक माणसाला वाटले, आणि शाश्वताचा आभास सुरांत कसा निर्माण करावा या प्रश्नाचे एक उत्तर त्यांना तिथे मिळाले.

हा विचार खऱ्या कसोटीला लागला तो युद्धकैद्यांच्या छावणीत. १९४० साली फ्रान्सचा पाडाव झाला, तेव्हा सैन्यात असलेले मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडले आणि त्यांची रवानगी ग्यॉरलिट्झ येथील छावणीत झाली. तिथे व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो वाजवणारे तीन सहकैदी त्यांच्यासोबत होते. कार्ल-आल्बर्ट ब्रूल या सहृदय पहारेकऱ्याने कागद-पेन्सिली पुरवल्या. मेसियाँ यांनी चार वाद्यांसाठी आठ भागांची एक रचना लिहिली आणि तिला नाव दिले ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, शेकडो कैद्यांसमोर आणि छावणीच्या अधिकाऱ्यांसमोर ती प्रथम वाजली; पियानोवर स्वतः मेसियाँ होते आणि तो पियानो धड सुरातही नव्हता. उपासमार आणि अपमान यांच्यामध्ये बसून एखाद्याने सूड किंवा शोक न लिहिता काळाच्या पलीकडचे काही लिहावे, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटते.

याच रचनेच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या शार्ङ्गदेवाच्या तीन तालांतून विणलेली आहे. ती १७ कालखंडांनी पूर्ण होते, तर तिच्यावर चढवलेल्या स्वरमेळांची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, माळ २९ चा फेरा घेते. दोन्ही फेरे एकाच वेळी पुन्हा आरंभाला यायचे तर ४९३ पावले जावी लागतात, आणि तो भाग त्याच्या पुष्कळ आधीच थांबतो.

आपल्याकडील काही जाणकार यावर आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. आपला ताल म्हणजे आवर्तन. त्याला सम आहे, ठेका आहे, समेवर येण्याचा आनंद आहे. मेसियाँ यांच्या संगीतात यांतले काहीच नाही. त्यांचा अभ्यास ग्रंथातून झाला, गुरूपुढे बसून नव्हे, आणि त्यांनी ताल हा निव्वळ कालखंडांचा क्रम म्हणून घेतला. तरीही मी याला गैरसमज म्हणणार नाही. ज्या तालांची केवळ लक्षणे उरली होती, त्यांतून त्यांनी नवे संगीत उभे केले, आणि त्यांची मूळ संस्कृत नावेही आदराने जपली.

सुटकेनंतर १९४१ पासून १९७८ पर्यंत त्यांनी त्याच काँझर्व्हातुआरमध्ये अध्यापन केले. बुलेझ, श्टॉकहाउझेन आणि झेनाकिस हे पुढे नामवंत झालेले संगीतकार त्यांच्या वर्गात बसून गेले. १९४९ साली बॉस्टनमध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली त्यांची दहा भागांची ‘तुरंगलीला’ सिंफनी सादर झाली. तिचे नावही शार्ङ्गदेवाच्याच यादीतले आहे. पुढे रानावनांत हिंडून ते पक्ष्यांचे आवाज स्वरलिपीत टिपून घेत राहिले.

आता त्या चतुष्काचा पहिला भाग ऐकू या. क्लॅरिनेटमधून ब्लॅकबर्ड आणि व्हायोलिनमधून नाइटिंगेल बोलेल. त्यांच्याखाली पियानोचे संथ स्वरमेळ ऐका. हातावर मात्रा मोजण्याची सवय असेल, तर तेवढा वेळ हात मिटून ठेवा, कारण इथे सम येणार नाही.