पेटीतली फिल्म

(दृश्य : परभणी जिल्ह्यातलं एक घर. पलंगाखालून ओढलेली पत्र्याची पेटी. लुगड्यांच्या घडीखाली पांढरी पिशवी.)

या घरात रेशनकार्डापेक्षाही जास्त जपलेली वस्तू म्हणजे ही पिशवी. आत एमआरआयच्या फिल्म आहेत, चार वर्षांच्या.

लेकरू सातचं होतं. डोकं दुखायचं, फळ्यावरचं दिसेना, उंची वाढेना. निदान आलं क्रॅनिओफॅरिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या तळाशी होणारी एक गाठ. हा कॅन्सर नव्हे, पण जागा फार वाईट. उंची वाढवणाऱ्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला लागून, डोळ्यांच्या नसांखाली, आणि दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमन्या. कढईला पाक धरावा तशी ही गाठ धमनीला धरते. सर्जनला ती हलक्या हातानं सोडवून घ्यावी लागते.

मुंबईला ऑपरेशन झालं, निभावलं. गावात पेढे वाटले. दीड वर्षानं एमआरआयमध्ये धमनी एका जागी फुगलेली दिसली.

"गाठ परत आली का हो, साहेब?" आईनं विचारलं.

गाठ आली नव्हती. धमनीच्या भिंतीलाही स्वतःचं रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या तिच्या बाहेरच्या थरात असतात. गाठ सोडवताना तो थर दुखावला, तर भिंत ढिली पडत जाते. आतून रक्ताचा दाब असतोच. सायकलच्या जुन्या ट्यूबला येते तशी फुगी येते.

ट्यूबची उपमा पुरती खरी नाही. ट्यूब फुटते, ही फुगी सहसा फुटत नाही. वर्षानुवर्षं तशीच राहते, काही त्रासही देत नाही. म्हणून डॉक्टर बहुतेकदा नुसती नजर ठेवतात. वाढली का, हे कळतं कशावरून? जुनी फिल्म शेजारी ठेवून. रिपोर्टचा कागद असून भागत नाही.

(दृश्य : चुलीपाशी फुंकणी.)

ज्या मुलांना ऑपरेशननंतर रेडिएशन दिलेलं असतं, त्यांच्यात कधी कधी उलटंही घडतं. काही वर्षांनी धमनी आतून जाड होऊन अरुंद होते. रक्त मग बारीक बारीक आडवाटा शोधतं. तपासणीत त्या धुराच्या लोटासारख्या दिसतात, म्हणून जपानी डॉक्टरांनी 1969 मध्ये नाव दिलं मोयामोया. असं मूल भोकाड पसरून रडलं, फुगा फुगवला, चुलीत जोरजोरात फुंकलं, की एक हात लुळा पडू शकतो, बोबडी वळू शकते. जोरात श्वास सोडल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूतल्या वाहिन्या आवळतात. दहा मिनिटांत सगळं ठीक होतं, आणि घरचे मीठमोहऱ्या ओवाळून मोकळे होतात. ही दहा मिनिटं पक्षाघाताची आगाऊ वर्दी असू शकते. नजर उतरवायची तर उतरवा, पण दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत बसून उतरवा.

अंगातलं पाणी कमी झालं तरी धोका वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हे कुणाला सांगायचं?

(दृश्य : परभणी स्टेशन, संध्याकाळ. मुंबईला जाणारी देवगिरी एक्सप्रेस.)

पिशवी मांडीवर. घडी पडू नये म्हणून मागे पुठ्ठा लावलाय.

(दृश्य : दुसरा दिवस. उजेडाच्या काचेवर दोन फिल्म.)

डॉक्टर फुगीवर मोजपट्टी लावतात. पुन्हा लावतात.

"तेवढीच आहे, ताई."

आई फिल्म पिशवीत घालते. बाहेर बाकावर लेकरानं पाण्याची दुसरी बाटली संपवलेली असते.