काल दिसला नाहीत?

(नाशिकच्या सिडकोतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात रविवारी संध्याकाळी दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. मागच्या दोन रांगांतल्यांनी पुढे यावं, तिकडचा पंखा बंद आहे. कंडेन्सर गेलाय त्याचा. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'एकटेपणा, मानसिक आरोग्य आणि समाजाची जबाबदारी'. असा विषय पाहिला की वक्त्यालाच घरी जावंसं वाटतं. मी एवढंच सांगणार आहे की आपल्या या भागात आम्ही काय करून पाहिलं, त्यातलं काय फसलं आणि काय अजून चालू आहे.

मी सव्वीस वर्षं मानसोपचार विभागात समाजसेविका होते. ओपीडीबाहेर एक लांब लाकडी बाक होता. लोक त्यावर दोन-दोन तास बसायचे. "तुमचा नंबर किती?" "तुम्ही कुठले?" "सिन्नरचे." "अहो, आमची मावसबहीण दिलीय सिन्नरला." आत डॉक्टरांकडे पाच-सात मिनिटं मिळायची, बाहेर बाकावर दोन तास. औषध आतच मिळायचं आणि ते लागायचंच, त्यात वाद नाही. पण काही जण तारीख नसतानाही येऊन बाकावर बसून जायचे, हेही मी पाहिलंय. तेव्हा आम्ही त्यांना घरी पाठवायचो. गर्दी करू नका म्हणायचो.

निवृत्त झाल्यावर कॉलनीच्या समाजमंदिरात मला एक खोली मिळाली. मी उत्साहानं फ्लेक्स लावला: 'मोफत मानसिक आरोग्य समुपदेशन केंद्र, दर शनिवारी ४ ते ६'. टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, टिश्यू पेपरचा डबासुद्धा. तीन महिन्यांत चार माणसं आली. एक जण बारशासाठी खोली भाड्यानं मिळेल का विचारायला. एक गृहस्थ आधार कार्डावरचा पत्ता बदलायला. एक बाई खरंच बोलायला आली होती, पण रिक्षातून उतरून तिनं आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या, मग आत आली आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, तो बोर्ड जरा आतल्या बाजूला लावता येईल का?" चौथा फ्लेक्सवाला. राहिलेले पैसे मागायला.

मला वाटलं, आपल्याच लोकांना लाज फार. तसं नाही. झिंबाब्वेत हरारे शहरात म्बारे नावाची वस्ती आहे. तिथे २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी एक काम सुरू केलं. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं आत्महत्या केली होती. तिला दवाखान्यात आणायला आईकडे बसच्या भाड्याचे पैसे नव्हते. हे वाचलं तेव्हा मला आमचे सुरगाण्याकडचे पेशंट आठवले. बरं वाटतंय म्हणून नाही, एसटीच्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून औषध तुटलेले. चिबांडांच्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. मग त्यांनी वस्तीतल्या चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात बाक टाकले. बाकाचं नाव ठेवलं 'मानसिक आरोग्याचा बाक'. कुणी बसेना. शेवटी आज्याच म्हणाल्या, अहो डॉक्टर, या नावाच्या बाकावर कोण बसेल? मग तो झाला 'मैत्रीचा बाक', आणि माणसं यायला लागली. पुढे त्यावर रीतसर अभ्यास झाला, २०१६ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ५७३ माणसं, २४ दवाखाने. सहा महिन्यांनी पाहिलं तर आज्यांशी बोललेल्यांची लक्षणं बरीच कमी झाली होती. त्यांच्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्या खेड्यातली बाई वेगळं काय सांगते? "लई इचार येतात डोक्यात." 'मला डिप्रेशन आहे' असं सांगत कुणी दारात येत नाही हो.

तर फ्लेक्स उतरवला. त्यानंतरची कल्पना माझी नाही. समोरच्या गल्लीतले काका सातपूरला एका कंपनीत टूलरूमला होते, तीस वर्षं. व्हीआरएस घेतलेली. ते खोलीचा नळ बघायला आले आणि माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर हात फिरवून म्हणाले, "मॅडम, या टेबलाला वाइस बसेल." वाइस म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पकड. बसवला. दारावर खडूनं लिहिलं, 'मिक्सर, पंखा, इस्त्री, कुकर. शनिवारी ४ ते ६. मजुरी नाही, सामानाचे पैसे द्यावेत.' आणि काकांनी एक अट घातली, ती मला वाटतं सगळ्या प्रकल्पाचा जीव आहे: वस्तू ठेवून जायचं नाही. दुरुस्त होईपर्यंत बसायचं.

पहिल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे बदल केलेत. एक बाई मिक्सर घेऊन आल्या. चालू केला की नुसता घूं आवाज, पातं फिरत नाही. काकांनी भांडं उलटं केलं, खालचा कपलर बोटानं फिरवून पाहिला. जाम. "बुश धरलाय. किती दिवस वापरला नाही?" बाई म्हणाल्या, आठ महिने. काकांनी तेलाचा एक थेंब सोडला आणि कपलर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसले. मान खालीच. "चटणी-बिटणी करत नाही का?" "एकटीसाठी कशाला वाटायची चटणी." मग कळलं, आठ महिन्यांपूर्वी यजमान गेले. काका काही बोलले नाहीत. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही, ते त्यांच्या बायकोनंच मला सांगितलंय. दहा मिनिटांनी पातं सुटलं. तेव्हा म्हणाले, "घरी लोड देऊन बघा. पुढच्या शनिवारी शेंगदाण्याची चटणी आणा, म्हणजे कळेल बरोबर चालतो का." बाईंनी आणली. लसूण जरा जास्त झाला होता, त्यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली.

आता मी शिकलेली बाई, मला याचं पुस्तकी नाव माहीत आहे. बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. मन ताळ्यावर आलं की काम करीन, असं उदास माणूस म्हणतो. हे तंत्र उलटं सांगतं: आधी हातानं एवढंसं काम, मन मागून येतं. आणि हे फक्त शहरातल्या खोलीत चालतं असं नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राचा. गावातलीच माणसं निवडली, ज्यांच्याकडे लोक एरवीही अडचण घेऊन जातात. त्यांना ऐकायला शिकवलं, हे काम देण्याचं तंत्र शिकवलं, मोबाइलवर दाखवायला छोट्या फिल्म दिल्या. त्यात मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळीच आहे. ते निराधार योजनेचा, पेन्शनचा अर्जसुद्धा भरून द्यायचे. ज्या बाईची पेन्शन अडकलीय तिला दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगणं मला नेहमीच थोडं उद्धट वाटत आलंय. पुढे हा प्रकल्प गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला. नाशिककरांना मात्र त्याची फारशी माहिती नाही. मिसळीच्या ठिकाणांची आहे.

पुरुषांचं एक वेगळंच असतं. बायकांना हळदीकुंकू आहे, भजनी मंडळ आहे, बचत गट आहे. निमित्त आहे. पुरुषाचं निमित्त नोकरीबरोबर संपतं. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात यासाठी पुरुषांच्या शेड निघाल्या, सुतारकामाच्या, दुरुस्तीच्या. त्यांचं म्हणणं, पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी-शेजारी उभे राहून बोलतात. आमच्या वाइसनं ते सिद्ध केलं.

आमच्याकडे एक साहेब आहेत. मुंबईला नोकरी, बावीस वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचा पास. सकाळी त्याच डब्यात त्याच जागा, संध्याकाळी तीच माणसं. डब्यात वाढदिवस, डब्यात दसऱ्याचं पूजन. निवृत्त झाले आणि ते म्हणतात ते वाक्य मी तसंच सांगते, "नोकरी गेल्याचं काही वाटलं नाही मॅडम, डबा गेला." पहाटे चारला जाग यायचीच. उठून करायचं काय? वर्षभर ते अंधारात गच्चीवर येरझाऱ्या घालत होते आणि घरच्यांना वाटत होतं, बाबा व्यायाम करतात. दुसरी एक तऱ्हा तुम्ही आसपास बघत असालच. मुंबईची चाळीतली खोली विकून, हवा चांगली म्हणून, पाथर्डी फाट्याला टू बीएचके घेतलेलं जोडपं. हवा खरंच चांगली आहे. पण चाळीत दार लोटलेलं दिसलं तर तीन जण विचारायचे, इथे दार बंदच असतं. त्यातलं एक माणूस गेलं की उरलेल्याला फ्लॅट नंबर असतो, शेजार नसतो.

त्या साहेबांना आम्ही हजेरी वही दिली. लांब, निळ्या रेघांची, दुकानातली नेहमीची. डब्यात कोण चढलं नाही हे बघायची सवय होतीच. ते शनिवारी सहा वाजता वही बघतात आणि न आलेल्याला फोन करतात. "काल दिसला नाहीत?" रविवारी सकाळी करतात म्हणून 'काल'. प्रश्न एवढाच. कसे आहात, मन बरं आहे का, काही नाही. मी आधी त्यांना तीन-चार चांगली वाक्यं लिहून दिली होती, त्यांनी तो कागद वहीच्या पुठ्ठ्यात ठेवलाय आणि कधी काढलेला नाही. त्यांचं बरोबर आहे. आपण आलो तर चहा मिळतो, हे कुठेही होतं. आपण नाही आलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं, ही गोष्ट दुर्मीळ आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज दोनशे गुड मॉर्निंग येतात, त्यातला एक आला नाही तर कोणाला कळतं?

हास्यक्लबला मी पूर्वी हसायचे, वेगळ्या अर्थानं. १९९५ साली डॉ. मदन कटारियांनी मुंबईच्या बागेत पाच जणांना घेऊन सुरू केला, आता जगभर आहे. हसण्यानं किती फायदा होतो ते असो, पण रोज साडेसहाला तीच माणसं गोल करून उभी राहतात आणि गोलात फट दिसते, हे मी नंतर शिकले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना घ्या. २००९ पासून आहे, पेट्या पार दुबईपर्यंत गेल्या. पुस्तकांची पेटी कुणाच्या तरी घरी ठेवायची आणि आसपासच्या वाचकांनी तिथून न्यायची. ती वाचनाची चळवळ आहे, मान्यच. मी मात्र तिच्याकडे शेजाऱ्याची बेल वाजवायला मिळालेलं कारण म्हणून बघते. आमच्या खोलीत पुस्तकं बदलायला येणाऱ्या एक आजी चष्म्याचा नंबर वाढल्यापासून वाचतच नाहीत. पुस्तक नेतात, आणतात.

सगळं छान चाललंय असं समजू नका. एक जण आमच्या या शनिवारच्या कट्ट्यावर विम्याच्या पॉलिसी विकायला लागले, त्यांना सांगावं लागलं. एका बाईची घरगुती गोष्ट बाहेर फुटली, ती पुन्हा आली नाही, आणि ते नुकसान भरून येत नाही. तेव्हापासून नियम केला: इथलं ऐकलेलं घरी जेवताना बोलायचं नाही, नवऱ्याजवळ नाही, बायकोजवळही नाही. आणि तरुण आमच्याकडे येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली अहवाल काढला, जगात सहा माणसांमागे एक जण एकटेपणा सोसतो, आणि तरुणांत तो जास्त आहे. आपण समजतो म्हातारपणाचा आजार. कॉलेज रोडला कॉट बेसिसवर राहणारी, स्पर्धा परीक्षेची चौथ्यांदा तयारी करणारी मुलं, अंबडला एका खोलीत सहा जण राहणारी बिहार-यूपीची कंत्राटी पोरं, यांच्यासाठी आमच्याकडे काही नाही. मिक्सर नसतो त्यांच्याकडे.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. कट्टा म्हणजे दवाखाना नव्हे. झोप उडाली, जेवण सुटलं, भास होताहेत, जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं, तर चहा पाजून घरी पाठवायचं नाही. सरळ विचारायचं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं, हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस सैल होतो. एकटं सोडायचं नाही, सिव्हिलला किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे आपण सोबत जायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलाय. आणि पोलीस केस होईल म्हणून प्रयत्न लपवणारी कुटुंबं मी खूप पाहिली. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. हे नातेवाइकांना माहीत नसतं, तुम्ही सांगा.

मिक्सरवाल्या बाई आता चहाचा हिशोब ठेवतात. गेल्या पावसाळ्यात त्या दोन शनिवार आल्या नाहीत. साहेबांनी फोन केला, उचलला नाही, म्हणून ते आणि काका घरी गेले. बाईंना मलेरिया झाला होता, पुतणीकडे गेल्या होत्या, शेजारी विचारल्यावर कळलं. तिसऱ्या शनिवारी आल्या आणि साहेबांवरच चिडल्या: "घरी कशाला आलात, बिल्डिंगमधले सगळे विचारायला लागले मला!" चिडल्या होत्या, पण ते सगळे कोण-कोण विचारत होते, ते मजल्यासकट सांगत होत्या.

सात वाजले, हॉल रिकामा करायचाय. काका मागे बसलेत, शिडी असेल तर पंख्याचं आत्ताच बघतो म्हणतात. बाकी ज्यांचा मिक्सर बंद आहे त्यांनी शनिवारी आणा. नुसती मोटर नको, भांडंही आणा. लोक भांडं विसरतात आणि मग परत फेरी पडते. तशी पडली तरी आमची काही तक्रार नाही.