पिवळ्या ज्योतीची खूण

नमस्कार श्रोतेहो.

परवा आमच्याकडे आमटी उतू गेली आणि गॅसची निळी ज्योत भर्रकन पिवळी झाली. तुमच्याही घरी हे होतच असणार. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. सोडियम तापला की पिवळा उजेड देतो. आणि त्याची दुसरी सवय अशी, की त्याच्या वाफेतून पांढरा उजेड आरपार जाऊ लागला, तर नेमका तोच पिवळा रंग तो गिळून टाकतो. ही दुसरी सवय जरा ध्यानात ठेवा.

1995 साली मेयर आणि केलोझ या शास्त्रज्ञांना एका दूरच्या ताऱ्याभोवती गुरूसारखा राक्षसी ग्रह सापडला. त्याचं वर्ष अवघं सव्वाचार दिवसांचं! आपल्या बुधालाही सूर्याभोवती फिरायला 88 दिवस लागतात. म्हणजे हा ग्रह ताऱ्याला किती चिकटून असेल, आणि किती भाजत असेल! मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की सोलापुरात दुपारी रस्ते ओस पडतात. अशा ग्रहांवर तापमान हजार अंशांच्या घरात असतं.

हे ग्रह ताऱ्याच्या झगमगाटात वेगळे दिसत नाहीत. मग तिथली हवा कशी ओळखायची?

8 जून 2004 ला शुक्राचं अधिक्रमण झालं, तेव्हा सूर्यावरून सरकणारा काळा ठिपका तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. एचडी 209458 या ताऱ्यासमोरूनही त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी असाच जातो. ठिपका दिसत नाही, पण तीनेक तास ताऱ्याचा उजेड सुमारे दीड टक्का उतरतो. त्याच वेळी ग्रहाभोवतीच्या हवेच्या पातळ कड्यातून थोडा उजेड गाळून आपल्याकडे येतो. 2002 मध्ये शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून आलेला हा उजेड रंगारंगांत वेगळा करून तपासला. सोडियमच्या त्या पिवळ्या रंगात तारा किंचित जास्त मंद होत होता. किंचित म्हणजे दहा हजारांत जेमतेम दोन भाग! दहा हजारांच्या हिशोबात दोन रुपयांची तूट पकडायची, आणि तीही सुमारे 160 प्रकाशवर्षांवरून. परक्या ग्रहाची हवा माणसानं पहिल्यांदा ओळखली ती अशी. हा आकडा वाचला की मला आजही भरून येतं.

सुरुवात तापलेल्या राक्षसी ग्रहांपासूनच का झाली? निखाऱ्यावर टाकलेली भाकरी टम्म फुगते ना, तशी तापलेली हवा फुगते. कडं जाड होतं, आणि जाड कड्यातून उजेडही जास्त गाळला जातो.

आता जेम्स वेब दुर्बीण आहे. 2022 मध्ये तिनं वास्प-39 बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दाखवला. शिवाय सल्फर डायऑक्साइडही सापडला, जो तिथल्या हवेत ताऱ्याच्या उजेडामुळेच तयार होतो. म्हणजे तारा नुसता दिवा धरत नाही, तो तिथली हवा घडवतोही.

आश्विन-कार्तिकात रात्री सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकडे, शहराच्या उजेडापासून दूर जा. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या पश्चिमेच्या बाजूला, जरासा बाहेर, आकाश खरंच काळं असेल तर एक अगदी अंधुक ठिपका दिसतो. 1995 चा तो ग्रह त्याच ताऱ्याचा. मुलांना घेऊन जा.