रेप्टनचा लाल मणी

इंग्लंडात डर्बीशरमध्ये रेप्टन नावाचं गाव आहे. व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने 873-74 चा हिवाळा इथे तळ ठोकून काढला. मार्टिन बिडल आणि बिर्थ क्योल्बी-बिडल या दांपत्याने 1970-80 च्या दशकांत तिथल्या चर्चलगत उत्खनन केलं, तेव्हा मातीच्या ढिगाऱ्याखाली किमान 264 माणसांची हाडं निघाली. सोबतची नाणी 870 च्या दशकातली. म्हणजे हे त्याच सैन्यातले, असं म्हणावं तर कार्बन-14 वरून काढलेल्या वयाने घोळ घातला. काही हाडं शे-दोनशे वर्षं आधीची निघाली!

हा गुंता 2018 मध्ये सुटला, तो मासळीमुळे. समुद्रातला कार्बन जुना असतो. तो माशांत येतो, तिथून खाणाऱ्याच्या हाडांत उतरतो, आणि हाडं आहेत त्याहून जुनी वाटतात. पुरातत्त्वज्ञ कॅट जार्मन आणि सहकाऱ्यांनी कोणाच्या आहारात मासे किती, याचा हिशेब धरून तारखा दुरुस्त केल्या. सगळी हाडं नवव्या शतकात बसली. (मालवणी माणसाची हाडं तपासणाऱ्यालाही हा हिशेब चुकायचा नाही.)

त्याच ठिकाणी कार्नेलियनचा, म्हणजे तांबड्या अकीकाचा, एक मणी मिळाला. तो बहुधा गुजरातच्या दगडाचा. राजपिपळ्याच्या डोंगरातला फिकट दगड आधी उन्हात तापवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात, तेव्हा कुठे लाली चढते. खंबायतची ही कारागिरी फार जुनी.

आता लगेच कोणीतरी मोबाइलवर पाठवेल, ‘व्हायकिंग भारतात आले होते!’ नाही हो. मणी आला, तो हातोहात. अरबी समुद्र, इराणचं आखात, बगदादचे बाजार, मग कॅस्पियन, पूर्व युरोपातल्या नद्या आणि बाल्टिक, असा काहीसा त्याचा रस्ता असणार. 922 मध्ये खलिफाच्या शिष्टमंडळातल्या इब्न फदलानने व्होल्गाकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेले व्हायकिंग, व्यापार करताना पाहिले. हिरव्या मण्यासाठी ते एकेक दिरहम, म्हणजे चांदीचं अरबी नाणं, मोजत. देवापुढे ते मागणं काय मागत, तर पुष्कळ दिनार-दिरहम असलेलं आणि घासाघीस न करणारं गिऱ्हाईक पाठव! मला तलवारींपेक्षा ही प्रार्थना जास्त बोलकी वाटते.

ही चांदी गेली कुठे? स्वीडनच्या गॉटलंड बेटावर 1999 मध्ये स्पिलिंग्ज इथे एकाच शेतात 67 किलो चांदी मिळाली. त्यात चौदा हजारांवर नाणी, बहुतेक इस्लामी जगातली. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बेडेलच्या व्हायकिंग ठेव्यातल्या चांदीच्या लगडी इंग्लंडच्या लुटीतल्याच असतील, असं सहज वाटलं असतं. पण 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत त्यांतल्या काहींची चांदी दिरहम वितळवून आलेली ठरली. तेव्हा पश्चिमेचे दरोडेखोर आणि पूर्वेचे व्यापारी अशी वेगळी प्रकरणं पाडायची आपली सवय आता सोडावी लागेल.

या चांदीच्या बदल्यात व्हायकिंगांनी दिलं काय? केसाळ कातडी, मध, मेण, आणि माणसं. दिरहमांचे ठेवे सापडतात, मोजता येतात. विकलेल्या गुलामांचा माग काढणं मात्र फार अवघड. हाडांच्या आणि दातांच्या रसायनावर सध्या जे काम चाललंय, त्यातून कदाचित तोच धागा हाती लागेल.