अण्णांची अडीच बंडलं

नमस्कार, श्रोतेहो.

२४ मार्च २०२० ला लॉकडाउन जाहीर झाला, त्या रात्री आमच्या चाळीत बायका डाळ-तांदूळ किती दिवस पुरेल याचा हिशोब करत होत्या, आणि शेजारचे अण्णा विड्या मोजत होते. अडीच बंडलं निघाली. वय बहात्तर, सवय गिरणीत लागले तेव्हापासूनची. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची पानटपरी उघडली नाही.

अण्णांनी रेशनिंग सुरू केलं. अर्धी ओढायची, विझवायची, थोटूक काडेपेटीत. थोटकंही संपली तेव्हा तीन दिवस त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. अंगातलं निकोटिन दोन-तीन दिवसांत निघून जातं आणि तलफ नेमकी तेव्हाच सगळ्यात जोरात असते. पुढचे दोन-चार आठवडे ती हळूहळू उतरते. एप्रिलअखेरीस काकू म्हणाल्या, "पहाटेचा खोकला ऐकू आला नाही, म्हणून मीच दचकून उठले."

लढाई जवळजवळ जिंकलीच होती म्हणा. पण मे महिन्यात कुठून तरी बंडलं यायला लागली, पंधराचं चाळीसला. त्याच सुमारास अण्णांच्या टपरीवरच्या कंपूतले एक जण कोरोनाने गेले. पोहोचवायला जाता आलं नाही. त्या रात्री अण्णांनी विडी पेटवली. मला तेव्हा कळलं, म्हाताऱ्या माणसाची विडी म्हणजे नुसती तंबाखू नसते. त्यात टपरीचा बाक असतो, ठरलेली वेळ असते, चार जण असतात. महासाथीने बाक काढून घेतला, आणि विडी मात्र परत दिली. तीही घरात! पूर्वी धूर रस्त्यावर जायचा, आता दहा बाय बाराच्या खोलीत नातवंडांच्या नाकात.

मध्येच 'ओढणाऱ्यांना कोरोना होत नाही' असा मेसेज फिरला. अण्णांनी तो मला तीनदा पाठवला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच उलट सांगितलं होतं: धूम्रपान करणाऱ्यांचा आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त. (मशेरी लावणाऱ्या आज्यांचं काय झालं, तो वेगळ्या भाषणाचा विषय. त्यांनी तवा काही खाली उतरवला नाही.)

"आता या वयात सोडून काय मिळणार?" हा अण्णांचा हुकमी प्रश्न. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून डॉक्टरांच्याच सवयींचा पन्नास वर्षं माग ठेवला. पन्नाशीत सिगारेट सोडणाऱ्यांना सरासरी सहा वर्षं जास्त मिळाली, साठीत सोडणाऱ्यांना तीन. "मी बहात्तरचा," अण्णा म्हणाले. बरं, मग छोटा हिशोब घ्या. शेवटच्या विडीनंतर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, म्हणजे जिना चढताना हृदयाला तेवढा प्राणवायू जास्त.

गेल्या दिवाळीत नातवाने बंडलावरचा नंबर वाचून दाखवला, १८००-११-२३५६. तंबाखू सोडवायला मदत करणारी ही सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत. फोन स्पीकरवर होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने ओढता?"

अण्णा म्हणाले, "ओढतो... तासाभराने."

आतून काकूंचा आवाज आला, "चहा उकळायच्या आत ओढतात हो, लिहून घ्या."