उतारावरची भरलेली गाडी

श्रोतेहो, नमस्कार. जड वाहनाचा परवाना नुकताच हाती आलेल्या आणि भोसरी, चाकण, निगडी भागात पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या तरुण चालकांशी मला आज बोलायचे आहे. त्यांच्या घरच्यांनीही हे ऐकावे, कारण 'निघालास का, कुठवर आलास' असे दर तासाला फोनवर विचारणारे घरचेच असतात आणि त्या प्रश्नाचा भार चालकाच्या उजव्या पायावर पडतो.

मालवाहू गाडी चालवण्यासाठी वयाची 20 वर्षे पूर्ण असावी लागतात, हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो, आणि मिळालेला परवाना 5 वर्षांनी नव्याने करून घ्यावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेकांना हा मार्ग मोकळा झाला. हे सारे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी अडचण वेगळी आहे. शिकवणी आणि चाचणी बहुधा रिकाम्या गाडीवर होते. दहा चाकी ट्रकचे मालासह एकूण वजन मात्र 2018 च्या नियमांनुसार 28.5 टनांपर्यंत जाऊ शकते, आणि रिकामेपणी ती गाडी त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची असते. म्हणजे परवाना ज्या गाडीवर मिळाला ती आणि नोकरीत हाती येणारी गाडी दिसायला सारखी असली, तरी थांबण्याच्या बाबतीत त्या दोन निराळ्या गाड्या आहेत.

माझ्या पहिल्या फेरीत खंबाटकीचा घाट उतरताना उस्ताद म्हणाले होते, ''ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर.'' मला ते म्हाताऱ्या माणसाचे भय वाटले. पुढे काही वर्षांनी कोल्हापूरहून साखर भरून येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, घर जवळ आल्याच्या आनंदात गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, आणि दरी पुलाच्या पुढे ब्रेकच्या जळक्या लायनरचा (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचा) वास केबिनमध्ये आला. ब्रेक दाबला जात होता, पण गाडी ऐकत नव्हती. त्या रात्री पुढचा रस्ता मोकळा होता, म्हणून मी आज तुमच्याशी बोलू शकतो. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री त्याच उतारावर, नवले पुलाजवळ, एका मालवाहू गाडीने कित्येक वाहनांना धडक दिली, ते पुणेकरांना अजून आठवत असेल.

उतारावर नेमके काय घडते, ते समजून घ्या. ब्रेक गाडीचा वेग कमी करतो म्हणजे त्या वेगाची उष्णता करून ती चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रममध्ये साठवतो. उतार लांबला की ड्रम आणि लायनर इतके तापतात की त्यांची पकड सुटू लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला मागे ओढून धरते आणि ब्रेकला उसंत मिळते. न्यूट्रलमध्ये हा आधार उरत नाही, आणि सारे ओझे ब्रेकवर पडते. काहीजण याच्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. जड गाडीचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात; इंजिन बंद झाले की ती हवा टाकीत भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होते आणि स्टिअरिंग जड होऊन बसते. हे सगळे डिझेल वाचावे म्हणून! वास्तविक आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठाच थांबतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. जुन्या चालकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ही एक गोष्ट तेवढी त्यांच्याकडून घेऊ नका.

वजनाचा प्रश्न गाडी भरतानाच सुरू होतो. वजनकाट्याची पावती स्वतः वाचा. जादा भरलेल्या गाडीला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, आणि तो कायदा गाडी चालवणाऱ्यालाही लागू होतो, केवळ भरायला लावणाऱ्याला नव्हे. नव्या माणसाला 'नाही' म्हणणे कठीण जाते, हे मी जाणतो. एका वाहतूकदाराकडे मी 'नाही' म्हटले आणि दोन आठवडे घरी बसलो. तरी ते दोन आठवडे स्वस्त पडले असे मला आजही वाटते. बिल्टी (माल सोपवल्याची वाहतूकदाराची पावती), ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना), पोचपावती ही कागदपत्रे महिनाभरात अंगवळणी पडतील. ई-वे बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस, एवढे ध्यानात ठेवा.

झोपेविषयी 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा, 2025 मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत, दिवसाला 8 तास काम, विशेष परवानगीने फार तर 10 तास, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत असे. प्रत्यक्षात चाकणला कारखान्याच्या दारात सहा-सात तास ताटकळल्यावर माल भरला जातो आणि गाडी रात्री निघते. ते ताटकळणे विश्रांती नव्हे. रांग पुढे सरकत असताना कोणालाही झोप लागत नाही. म्हणून निघण्याची वेळ मालकाला कळवताना आपण कधीपासून जागे आहोत, तेही कळवावे.

साताऱ्याकडून पुण्याला येताना खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर एखाद्या ढाब्यावर गाडी उभी करा. चाकांभोवती एक फेरी मारा, ड्रमपासून थोड्या अंतरावर तळवा धरून ऊब अजमावा, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा पाहा, चहा घ्या. मग बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच खालचा गिअर टाका आणि नवले पुलापर्यंत डाव्या मार्गिकेतून त्याच गिअरमध्ये या. मागचे हॉर्न वाजवतील. त्यांच्या पाठीशी साखरेची पोती नसतात.