काळोखात उतरण्याआधी : गुहा-बचावाच्या पहिल्या वर्गाची तयारी

[दृश्य : गवतावर अंथरलेली ताडपत्री, तिच्यावर ओळीने मांडलेलं सामान]

अमेरिकेतल्या अलाबामा, टेनेसी आणि जॉर्जिया या तीन राज्यांच्या सीमेवरचा हा पट्टा चुनखडीचा आहे. जमिनीखाली हजारो गुहा, त्यातल्या कित्येक सरळ विहिरीसारख्या खाली गेलेल्या. केव्हरांची, म्हणजे गुहा धुंडाळणाऱ्यांची, राष्ट्रीय संघटना, नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी, १९४१ साली सुरू झाली. तिचं मुख्यालय इथल्याच हंट्सव्हिल शहरात आहे. गुहेत अडकलेल्याला बाहेर कसं काढायचं, हे शिकवण्याचं काम तिची शाखा करते : नॅशनल केव्ह रेस्क्यू कमिशन. कमिशन स्वतः बचावाला जात नाही. ते माणसं तयार करतं, आणि ती माणसं आपापल्या भागात जातात.

पहिल्या पातळीचा वर्ग सलग केला तर आठवडाभराचा. त्यात जखमीला कसं हलवायचं ते शिकायचं असतं. गुहेत वावरायचं कसं, दोरावर चढायचं कसं, गाठी कुठल्या, हे शिकायला तिथे सवड नसते. ते घरून करून यावं लागतं. ही ताडपत्री म्हणजे त्याचीच तपासणी.

[दृश्य : हेल्मेट तपासणारे हात]

हेल्मेट गिर्यारोहणाचं हवं. सायकलचं चालत नाही. हनुवटीचा पट्टा बांधून हेल्मेट पुढून आणि मागून जोरात ढकलून बघतात. कपाळ उघडं पडलं की पट्टे पुन्हा आवळायचे. दिव्याचा रबरी पट्टा नुसता हेल्मेटवर चढवला तर पहिल्याच अरुंद जागी घासून निसटतो, म्हणून तो क्लिपांनी पक्का केलेला.

दिवे तीन, प्रत्येकाची बॅटरी वेगळी. पहिला बंद पडला तर दुसरा, हे कुणालाही समजतं. तिसरा कशाला? पहिल्याची बॅटरी बदलताना हाताशी उजेड लागतो. शिवाय जखमी माणसाचा दिवा पडताना फुटलेला असेल, तर एक त्याला द्यावा लागतो. काळोखात पडून राहिलेल्या माणसाला स्वतःचा उजेड मिळाला की तो बोलायला लागतो, आणि तो काय सांगतो त्यावर पुढचे उपचार ठरतात.

[दृश्य : कपड्यांचा ढीग, जीन्स बाजूला काढली जाते]

सुती कपडा एकही नको. बनियनसुद्धा नको. इथल्या गुहांमध्ये बाराही महिने सुमारे १४ अंश सेल्सियस तापमान असतं, पुण्यातल्या हिवाळी पहाटेसारखं. मात्र हवेत दमटपणा जवळजवळ शंभर टक्के. एकदा भिजलेलं सूत तिथे वाळतच नाही, अंगातली ऊब ओढत राहतं. आत सिंथेटिक थर्मल, वर जाड नायलॉनचा डगला, पायात लोकरीचे मोजे, गुडघ्यांना पॅड, हातात रबरी तळव्याचे मोजे.

चालताना थंडी वाजत नाही. वाजते ती थांबल्यावर, आणि बचावकार्यात थांबणंच जास्त असतं. स्ट्रेचर पुढे यायची वाट बघत घामेजल्या अंगाने तासन्‌तास एका जागी बसावं लागतं. त्यासाठी हे बघा.

[दृश्य : जवळून : काळी प्लास्टिकची पिशवी, कात्री, जाड बुटकी मेणबत्ती]

बागेतला पालापाचोळा भरायची मोठी, जाड पिशवी. तिच्या बंद टोकाच्या कोपऱ्यात चेहऱ्यापुरतं भोक कापायचं; आधीच कापून, घडी करून हेल्मेटच्या आत ठेवायची. वेळ आली की दोराची पिशवी खाली घेऊन तिच्यावर बसायचं, म्हणजे बूड दगडाला टेकत नाही. कचऱ्याची पिशवी डोक्यावरून ओढून चेहरा भोकातून बाहेर काढायचा, गुडघे जवळ घ्यायचे आणि मेणबत्ती पेटवून दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवायची. थोड्याच वेळात आत ऊब धरते. चेहरा बाहेरच राहिला पाहिजे, नाहीतर श्वासाला हवा कमी पडेल. ज्योत नायलॉनपासून लांब हवी. आणि डुलकी लागायला लागली की मेणबत्ती आधी विझवायची. वर्गाला येण्याआधी हे घराच्या अंगणात एकदा करून पाहावं. पिशवी पातळ असेल तर ती तिथेच फाटते.

[दृश्य : डोळ्यांवर पट्टी बांधून गाठी मारणारे विद्यार्थी]

गाठी मोजक्याच असतात : फिगर ऑफ एट, बोलाइन, बटरफ्लाय, डबल फिशरमन, टेप नॉट, प्रुसिक, मुंटर. पण त्या डोळे मिटून आल्या पाहिजेत. हातात मोजे, मोज्यांवर चिखल, आणि कुणीतरी शेजारी कण्हतंय, अशा वेळी आठवत बसायला सवड नसते.

चुका ठरलेल्या आहेत. सपाट विणलेल्या पट्टीला मारलेली टेप नॉट ताण येता-जाता हळूहळू सरकते, म्हणून दोन्ही शेपट्या निदान ७-८ सेंटिमीटर सोडायच्या आणि वापरापूर्वी दर वेळी बघायच्या. प्रुसिक मुख्य दोराभोवती वेढून त्याला पकडते; तिची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक लागते. ११ मिलिमीटरच्या दोरावर ८ मिलिमीटरची, तीन वेढ्यांची. वेढे एकमेकांवर चढले तर गाठ पकडत नाही. दोर चिखलाने माखला असेल तर नीट मारलेलीही घसरू शकते, म्हणून आधी दोर पुसून, मग हळूच भार देऊन बघायचं.

[दृश्य : झाडाला टांगलेला दोर, रॅकवरून उतरणारी विद्यार्थिनी]

सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांनी इथे लक्ष द्यावं. आपल्याकडे सर्रास दिसणारा आठच्या आकाराचा डिसेंडर, म्हणजे दोरावरून उतरायचं साधन, इथे फारसा कुणी वापरत नाही. तो दोराला पीळ घालतो. दोरात घालताना तो बहुधा कमरेला बांधलेल्या हार्नेसपासून सोडवावा लागतो, आणि विहिरीच्या तोंडाशी हातातून सुटला तर थेट तळाला जातो. त्याऐवजी हा रॅक. पोलादी चौकटीत आडव्या दांड्या. लांब उतरणीत वरच्या बाजूला खाली लोंबणाऱ्या दोराचं वजनच ब्रेक लावतं, तेव्हा दांड्या कमी ठेवायच्या. खाली जाऊ तसं ते वजन घटतं आणि दांड्या वाढवत न्यायच्या.

आता ती थांबली. रॅक सोडून चढायच्या साधनांवर येतेय. खालून चढताना थांबून पुन्हा उतरणीला लागणं, उतरताना थांबून पुन्हा चढणं, हे दोन्ही जमिनीपासून हातभर उंचीवर इतकं घोटावं की हाताला विचार करावा लागू नये. ज्याला स्वतःला दोरावर अडकून पडायची धास्ती आहे, त्याचं लक्ष जखमीकडे जाणार कसं?

[दृश्य : नारिंगी गुंडाळी उघडते]

हा स्केड. जाड लवचीक प्लास्टिकचं स्ट्रेचर, गुंडाळलं की पाठीवर मावतं. उघडल्यावर ते पुन्हा गुंडाळी व्हायला बघतं. म्हणून एक टोक पायाखाली धरून पूर्ण उलगडायचं आणि उलट्या बाजूने वाकवायचं, मग सपाट राहतं. नुसत्या स्केडने पाठीचा कणा स्थिर राहत नाही, त्याला आत वेगळा आधार लागतो.

जखमीला बांधण्याचा क्रम बघा. सगळ्यात आधी खाली फोमची चटई. दगड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो, आणि अंगावर कितीही पांघरुणं घातली तरी खालचा गारठा थांबत नाही. गारठलेल्या माणसाचं रक्तही नीट गोठत नाही, म्हणजे जखम वाहत राहते. चटईवर ब्लँकेट, आत माणूस, भोवती पाणी अडवणारी ताडपत्री. गुडघ्यांच्या खोबणीत घडी केलेला कपडा. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, कारण तो उताणा आहे आणि वरून माती पडते आहे. मग पट्टे. वर्गात प्रत्येकाला एकदा तरी स्वतः आत बांधून घ्यावं लागतं. नाकाला खाज सुटली तरी हात हलवता येत नाही, हे अंगावर घेतल्यावर जखमीशी सतत बोलत राहण्याचं महत्त्व कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

[दृश्य : अरुंद बोगदा, समोरासमोर बसलेली रांग]

इथे स्ट्रेचर उचलून कुणी चालत नाही. माणसं दोन्ही बाजूंना पाय रोवून बसतात आणि स्ट्रेचर मांड्यांवरून सरकत पुढे जातं. मागची माणसं मोकळी झाली की पुढे येऊन बसतात. छत खाली आलं तर काही जण ओणवे होतात आणि ते पाठीवरून जातं. ‘थांबा’ म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे, नवख्यालाही.

[दृश्य : गुहेचं तोंड, नोंदवही, तारेचं रीळ]

वॉकीटॉकी खडकातून चालत नाही, म्हणून फिल्ड टेलिफोनची तार अंथरत जायचं. तोंडाशी एक जण वही घेऊन बसतो : कोण आत गेलं, किती वाजता, काय घेऊन. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण तोंडाशी शिस्त लागतेच. १९२५ साली केंटकीतल्या सँड केव्हमध्ये फ्लॉइड कॉलिन्सचा पाय दगडाखाली अडकला, तेव्हा वर हजारो बघ्यांची जत्रा भरली होती. तो वाचला नाही.

२०१४ साली जर्मनीच्या रीझेंडिंग गुहेत सुमारे हजार मीटर खोलवर डोक्याला मार लागलेल्या संशोधकाला वर आणायला पाच देशांची सातशेहून अधिक माणसं लागली. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत मुलं अडकली, तेव्हा पाणी उपसायला महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते गेले होते.

[दृश्य : वाफाळतं टब, बुडवलेले दोर आणि हार्नेस]

निघण्याआधीचं शेवटचं काम. वटवाघळांना मारणारी एक बुरशी अमेरिकेत २००६ पासून पसरते आहे, आणि ती चिखलाबरोबर बुटांवर, दोरांवर प्रवास करते. म्हणून आधी सगळा चिखल धुऊन काढायचा, मग ५५ अंशांच्या पाण्यात निदान ५ मिनिटं सामान पूर्ण बुडवून ठेवायचं. थर्मामीटर टबातच असू द्या, पाणी पटकन निवतं. तरंगणाऱ्या पिशव्यांवर वजन ठेवा. दोर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा; वर्गाच्या आदल्या रात्री धुतलात तर तो ओलाच न्यावा लागेल.